दुपारची बाई

१

"ती मातीवाली स्वतः काही करत नाही म्हणे. दुपारची एक बाई येते तिच्याकडे, तीच सगळं—"

एवढंच माझ्या कानावर पडलं. मी शिंपीणबाईच्या दुकानात पाऊल टाकलं, तशी तिनं तोंड मिटलं आणि मशीन सुरू केलं. समोरचं गिऱ्हाईक उगाचच बटणांच्या डब्यात बोटं फिरवायला लागलं.

"कोण बाई?" मी विचारलं.

"कुठली बाई?"

"आत्ता म्हणत होतीस ती."

"मी कुठं काय म्हणाले? तुझ्या गाऊनला खिसा एक लावू की दोन?"

दोन लाव म्हणून सांगितलं आणि बाहेर पडले. पण डोकं काही ठिकाणावर नव्हतं. मातीवाली माझी सख्खी शेजारीण. तिची कामाची खोली आणि माझी झोपायची खोली यांच्यात एकच भिंत. तिच्याकडे दूध किती वाजता येतं, तिचा भाऊ कुठल्या वारी फोन करतो, मातीची पोती आणणारा टेम्पो कुठल्या बाजूनं मागे घेतो, सगळं मला पाठ. आणि एक अख्खी बाई रोज दुपारी तिच्या घरात शिरते आणि मला पत्ता नाही? सत्तावीस वर्षं या गल्लीत काढली ती काय यासाठी?

घरी येऊन यांना सांगितलं. आमचे हे पेपरातून वर न बघता म्हणाले, "तिच्याबद्दल वाईट बोलतात याचं तुला दुःख झालंय, की तुला आधी कळलं नाही याचं?"

"दोन्हीचं," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

२

मातीवाली हे काही आम्ही तिच्या पाठीमागे ठेवलेलं नाव नाही. ती स्वतःच फोन उचलला की "हं, मातीवाली बोलतेय" म्हणते. चाळिशीची, एकटी राहणारी, हसली की चार घरं पलीकडे ऐकू जाईल अशी. आधी एका दातांच्या दवाखान्यात कवळ्यांचे साचे करायची. एक दिवस म्हणे तिनं साच्यांची माती उरली म्हणून तिची एक वाटी केली आणि दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. घराच्या बाजूला गाडी ठेवायची जागा होती तिथे चाक मांडलं, विजेची भट्टी आणली. त्याला आता बारा वर्षं झाली.

तिचं काम म्हणजे वाडगे. फुलदाण्या, मूर्ती, शोभेचं काही नाही. दोन तळव्यांत बसेल एवढाच वाडगा, पातळ कडेचा, वर काचेसारखा लेप; कधी राखाडी, कधी पावसाळी आभाळासारखा निळसर. "काकू, बघायचा नाही, धरायचा," असं म्हणून ती माझ्या हातात नवा वाडगा द्यायची. मी त्यात चहा प्यायचे आणि ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

या वर्षी तिला मोठ्या गॅलरीत प्रदर्शन मिळालं होतं. आठ वर्षांनी. चाळीस वाडगे, भिंतीत चाळीस कोनाडे, आणि येईल त्यानं वाडगा उचलून हातात धरून बघायचा. अठरा झाले आणि एकोणिसावा फळीवर ठेवताना ही बाई स्टुलावरून पडली. वाडगा फुटला तो फुटलाच, उजवं मनगटही मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

गॅलरीवाल्या बाईनं फोनवर गोड आवाजात सांगितलं की चाळीस झाले तर ठीक, नाहीतर ती तारीख ती दुसऱ्या कुणाला देईल. मातीवालीनं माझ्यासमोरच फोन ठेवला आणि म्हणाली, "काकू, या वेळी हे गेलं, तर मी चाक विकते. भावाकडे जाते. तिथे फरशांच्या कारखान्यात रंग तपासायला माणूस हवाय."

ती हसत होती, पण खरं बोलत होती. ती अशीच बोलते.

फरशांचे रंग तपासत बसलेली ती मला डोळ्यांसमोर आणताच येईना. आणि पलीकडून चाकाचा आवाज येणार नाही अशी खोलीही.

३

तर, शिंपीणबाईचं अर्धवट वाक्य डोक्यात घेऊन मी गरम डबा उचलला आणि मागच्या दारानं तिच्याकडे गेले. ती डाव्या हातानं भट्टीचं झाकण पुसत होती.

"काय गं," मी अगदी सहज म्हणाले, "हल्ली कामाला कुणाला घेतलंयस का?"

ती वळली. चष्म्यावर मातीचा शिंतोडा, डोळे मोठे. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे घेतलंयस?"

"नाही ना! म्हणून तर." तिनं मला दंडाला धरून फळीपाशी नेलं आणि वरचं प्लास्टिक उचललं. ओले वाडगे सावकाश सुकावेत म्हणून ती ते झाकून ठेवते. "मोजा."

खाली एकच होता. ओला, करडा, कडेला अजून पाण्याची चमक.

"अठरा भाजून झालेत ते त्या कपाटात," ती म्हणाली. "हा एकोणिसावा. मी शाळेत कलेचे तास घ्यायला एक वाजता जाते, चारला येते. काल गेले तेव्हा फळी रिकामी होती. आले तर हा."

"तूच केला असशील डाव्या हातानं. विसरली असशील."

"डाव्या हातानं मला केस विंचरता येत नाहीत, काकू."

मग तिनं माझं बोट धरून वाडग्याच्या तळाशी हलकेच लावलं. चाकावर भांडं काढताना बोट मधून बाहेर जातं, त्याची एक वळणावळणाची रेघ तळात राहते, गोगलगाईच्या पाठीसारखी. तिच्या सगळ्या वाडग्यांत ती रेघ एकाच बाजूला उलगडते. या वाडग्यात ती दुसऱ्या बाजूला उलगडत होती.

"चाक उलटं फिरलं तरच असं होतं," ती म्हणाली. "आणि माझं चाक जुनं आहे. ते उलटं फिरतच नाही. आतली मोटरच तशी नाही."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं आता रडेल किंवा घाबरेल. पण ती लहान मुलीसारखी फुलली होती. म्हणाली, "चांगला आहे, नाही? माझ्यापेक्षा कड बरी निघालीय. मला तर हेवा वाटतोय."

मी म्हणाले, "कुलूप बदल."

ती म्हणाली, "आणि ती आली नाही तर?"

४

मी पाळत ठेवायची ठरवली. जास्तीची किल्ली माझ्याकडेच असते, तेव्हा हे माझं कर्तव्यच होतं असं मी यांना सांगितलं. यांनी "कर्तव्य" हा शब्द दोनदा उच्चारून बघितला.

एरवी मी दोन ते चार झोपते. जेवण झालं, ओटा पुसला, की मला जगात कुणी उठवू नये. पण त्या दिवशी मागच्या खिडकीत विणकाम घेऊन बसले. दोन, अडीच, तीन. मांजर आलं, गेलं. भिंतीपलीकडे चिडीचूप. चार वाजता मातीवाली आली आणि अंगणातूनच ओरडली, "आज नाही आली!"

दुसऱ्या दिवशीही मी जागीच. काही नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांत वाळू आल्यासारखं झालं. म्हटलं, मरू दे, पाच मिनिटं पाठ टेकते. उठले तेव्हा पावणेचार. आणि चार वाजता भिंतीवर ठकठक झाली. आमची खूण ती.

विसावा आला होता.

इथपर्यंत माझ्या मनात काही आलं नाही. बाई हुशार आहे, मी जागी असले की येत नाही, एवढंच मला वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला की माझ्या पाळतीचा धाक आहे. मग एकविसावा आला, तो मी झोपले होते तेव्हा. बाविसावाही. मधे एक दिवस मी दातांच्या दवाखान्यात गेले होते, त्या दिवशी काही नाही. तेविसावा मी झोपले तेव्हा.

त्या दिवशी मातीवाली आतले चारपाच वाडगे उलटे करून बघत होती. चाकावरून उतरवताना जिथे धरला होता तिथे बुडाशी अंगठ्याचा ठसा होता, प्रत्येकावर, त्याच जागी. तिनं स्वतःचा अंगठा लावून बघितला. मोठा पडला. मग थट्टेनंच म्हणाली, "आणा काकू, तुमचा बघू."

मी पुढे केला. माझ्या उजव्या अंगठ्यावर एक तिरकी रेघ आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात भोपळा चिरताना सुरी लागली होती.

अंगठा ठशात बसला. म्हणजे पायात आपली चप्पल बसते तसा. आणि तिरकी रेघ तिरक्या रेघेवर.

खोलीत नळ ठिबकत होता. टप, टप. बादलीतल्या गढूळ पाण्यावर गोल उमटत होते. आणि मातीवाली इतकी हसली, इतकी हसली, की तिला मोडका हात पोटाशी धरून खाली बसावं लागलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "काकू, तुम्ही?"

मी मात्र अंगठा गाऊनला पुसत राहिले.

५

मी फार शिकलेली नाही, पण वेंधळी नाही. झोपेत चालणारी माणसं असतात हे मला माहीत आहे. किल्ली माझ्याकडे, घर शेजारी. झोपेत उठत असेन, जात असेन, करत असेन. सोपं आहे. मी यांना सगळं सांगितलं आणि किल्ली यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. म्हटलं, आज माझ्या उशाशी बसा आणि मी उठले की हाक मारू नका, नुसते मागून या.

उठले तर हे तिथेच होते. मांडीवर शब्दकोडं, अर्धं सुटलेलं.

"गेले होते का मी?"

"कुठं जाणार? घोरत होतीस. सुरुवातीला तर असं वाटलं टेम्पो मागे घेतायत."

भिंतीवर ठकठक झाली. चोविसावा.

माझे तळवे गार होते. ओले नव्हते, नुसते गार; पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटांची टोकं सुरकुततात ना, तशी सुरकुतलेली. मी ते यांना दाखवले नाहीत. गाऊनच्या दोन्ही खिशांत घातले.

संध्याकाळी मातीवालीनं मला चाकावर बसवलं. म्हणाली, जागेपणी करून बघा. पायाखाली पेडल, समोर मातीचा गोळा. मी दाबलं, तो डावीकडे पळाला. मी धरलं, तो उजवीकडे. मग सगळा गोळाच सुटून माझ्या मांडीत आला. "माझ्या हातून हे कधी होणार नाही," मी म्हणाले. "होतंय की," ती म्हणाली, "रोज होतंय."

खरं सांगू का, भीती होती, पण तिच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. मी पस्तीस वर्षं स्वयंपाक केला, तो संपला. कपडे धुतले, ते मळले. घर झाडलं, संध्याकाळी पुन्हा झाडलं. माझ्या हातून कधी असं काही झालं नव्हतं की जे दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच, तसंच असेल. आता भट्टीतून ते निळसर वाडगे गरम गरम निघायचे, लेप थंड होताना टिणटिण वाजायचे, आणि मी चिमट्यानं एकेक उचलताना मनात म्हणायचे, हा माझा. हाही माझा.

मातीवालीही खुलली होती. लेप कालवायचा, भाजणी लावायची, कुठला वाडगा कुठल्या रंगात बुडवायचा हे सगळं तीच ठरवायची, मी नुसती तिचा उजवा हात. आम्ही दोघी भट्टीपाशी बसून गाणी म्हणायचो. समोरून शिंपीणबाई खिडकीतून मान लांब करून बघायची आणि आम्ही मुद्दाम आणखी मोठ्यानं म्हणायचो.

६

तेहतीस झाले त्या दिवशी मी उठले तेव्हा हे शब्दकोडं सोडवत नव्हते. माझ्या दोन्ही खांद्यांना धरून वाकले होते, तोंड पांढरं.

"काय झालं?"

"तू घोरत नव्हतीस."

"मग बरं की."

"अगं, श्वास चालत नव्हता. नाकाशी हात धरला, काही नाही. हाका मारल्या, हलवलं. अंग फरशीसारखं गार. आणि मग एकदम मोठा श्वास घेतलास, कुणी बाहेरून धावत घरात आल्यासारखा."

मी डॉक्टरांकडे गेले. सगळं उत्तम निघालं. दुपारी झोपू नका, वजन वाढतं, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

मातीवालीला हे यांनीच जाऊन सांगितलं. माझ्या पाठीमागे. ती तडक आली, चपला न घालता.

"बास, काकू. प्रदर्शन गेलं खड्ड्यात. मी आत्ता फोन करून नाही म्हणून सांगते."

"आणि चाक?"

"विकेन."

"सात राहिलेत फक्त."

"तुम्ही एकच आहात," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता.

मी तिला म्हणाले, "अगं वेडे, ती जी कोण तिथे बसते, तिला विचारलंस का तिला थांबायचंय का ते? मला विचारशील, तर मला नाही थांबायचं." हे मी म्हणाले आणि मलाच नवल वाटलं. पण म्हणून झाल्यावर मन एकदम हलकं झालं.

यांच्याशी तह केला. मी झोपणार, हे माझ्या पायाचा अंगठा धरून बसणार. काही गार लागलं की ओढायचं. "ओढलं की तू येशील का?" यांनी विचारलं. बेचाळीस पायऱ्या चढून आल्यासारखा आवाज होता त्यांचा.

"तुम्ही ओढलंत आणि मी आले नाही, असं कधी झालंय का?"

हे हसले. मग चष्मा पुसत बसले.

७

एकोणचाळिसावा ज्या दिवशी झाला, ती दुपार मी कधी विसरणार नाही.

मला जाग आली. घड्याळात तीन. हे खुर्चीत झोपी गेले होते, पेपर छातीवर. मी पाय अलगद सोडवून घेतला तरी यांची मूठ तशीच, जणू अंगठा अजून तिच्यातच आहे.

आणि भिंतीपलीकडे चाक चालू होतं.

मी जागी होते. पक्की जागी, मी स्वतःला चिमटा काढला, जीभ चावली, यांच्या पेपरातला मथळा वाचला. आणि चाक चालू होतं. घूंऽऽ असा एकसारखा आवाज, मधेच पेडलवर पाय हलका झाला की खाली उतरणारा. बादलीत स्पंज बुडाला, पिळला. पाण्याची धार. पुन्हा घूंऽऽ.

माझी बुद्धी म्हणत होती, मातीवाली लवकर आली असेल. पण तिचं प्लास्टर अजून निघायचं होतं. माझे पाय मात्र निघाले होते. अनवाणी मागच्या दारानं अंगणात, आमच्या दोघींच्या मधल्या बुटक्या भिंतीवरून पलीकडे. ऊन कडक. फरशी पोळत होती. कामाच्या खोलीच्या मागच्या खिडकीची काच अर्धी मातीच्या शिंतोड्यांनी भरलेली असते. वरच्या अर्ध्यातून मी पाहिलं.

पाठ दिसली. माझ्या अंगात होता तोच गाऊन. केसांचा अंबाडा, त्याला लावलेला आकडा एका बाजूनं निसटलेला. आणि मान.

आपली मान आपल्याला कधी दिसत नाही. मला ती ओळखता येईना. कुणीतरी साधी, जरा जाडसर बाई, एवढंच. मग मानेच्या डाव्या बाजूला, केसांच्या खाली, तीळ दिसला. तुझ्या मानेवर तीळ आहे असं हे लग्नापासून म्हणत आलेत, आणि मी म्हणायचे, असेल.

होता.

ती गुणगुणत होती. सूर मला येत नाही, तिला येत होता. तिचे खांदे चाकाबरोबर डुलत होते, हलके, पाण्यात उभ्या असलेल्या गवतासारखे, आणि तिच्या हातांमध्ये माती वर येत होती, आपणहून उमलावं तशी. चाक उलटं फिरत होतं. मला इतकं सुखात बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हेवा म्हणा, माया म्हणा.

तिनं वाडग्याच्या बुडाखालून तार ओढली, सर्र. वाडगा दोन्ही हातांत उचलला. आणि थांबली.

गुणगुणणं बंद झालं. तिला कळलं होतं कुणीतरी खिडकीत आहे ते. डोकं हळूहळू वळायला लागलं. आधी कान दिसला, मग गालाची कड.

मी खाली बसले. भित्री म्हणा मला. पण माझ्या मनात एकच आलं: आम्ही दोघींनी एकमेकींना पाहिलं, तर घरी परत जायचं कुणी?

वर काचेपाशी कुणाची तरी सावली येऊन उभी राहिली. बरोबर माझ्या डोक्यावर, उन्हातला गारवा. किती वेळ, सांगता येणार नाही. मग आत चाक मंद होत होत थांबलं, आणि माझे तळवे एकदम गार झाले, जणू कुणी त्यांत आपले ओले हात ठेवले आणि सोडून दिले.

घरी आले तर हे तसेच झोपलेले. मी हळूच पाय पुन्हा त्यांच्या मुठीत सरकवला.

८

चाळिसावा मात्र माझा नाही. मातीवालीचाही नाही, म्हणजे नुसता तिचा नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा प्रदर्शनाला अकरा दिवस होते. मनगट बारीक झालेलं, कातडी पांढुरकी. डॉक्टर म्हणाले, आता हलकं काम करा. मातीवालीनं त्या दिवशी शाळेतून सुट्टी घेतली. दुपारी भिंतीवर ठकठक केली, चार वाजताची नव्हे, दोन वाजताची. "झोपा," पलीकडून ओरडली. "मी चाकावर बसतेय."

मी झोपले. यांनी अंगठा धरला.

जाग आल्यावर गेले तर ती चाकासमोर बसली होती, हात मांडीवर, मातीनं भरलेले, आणि चेहरा असा की मला विचारायचं धाडस होईना. शेवटी विचारलंच. माझा स्वभावच तो.

"कोण आलं होतं? दिसलं का?"

"मी डोळे मिटून घेतले होते."

"का गं?"

"माझ्या हातांवर हात आले, काकू. मनगट थरथरत होतं, ते थांबलं. मग कशाला बघायचं?" ती नाक पुसून हसली, नाकाला माती लागली. "पण एक सांगते, तुम्हाला फार घाई असते."

तिनं तो वाडगा मला दाखवला. तळातली रेघ मधून निघून तिच्या नेहमीच्या बाजूला उलगडत गेली होती, अर्ध्यापर्यंत. आणि मग, कुठेही न तुटता, न अडखळता, दुसऱ्या बाजूला. अशी रेघ जगातल्या कुठल्याही चाकावर निघत नाही. तिनंच सांगितलं मला.

९

प्रदर्शन एका शनिवारी दुपारी उघडलं. चाळीस कोनाडे, चाळीस दिवे. माणसं आधी लाजत होती, मग एकानं उचलला, मग सगळ्यांनी. मोठमोठी माणसं दोन तळव्यांत वाडगा धरून पिल्लू धरल्यासारखी उभी होती. गॅलरीवाली बाई मातीवालीचा हात सोडत नव्हती. पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच ठरवू म्हणत होती. कारखान्याला नकार कळवून झाला होता. हे एका कोपऱ्यात, नव्या सदऱ्यात, कुणालाही न विचारता सांगत होते, "भट्टीतून काढताना टिणटिण वाजतात बरं का."

शिंपीणबाई आली ती सरळ माझ्याकडे.

"आता खरं सांग," ती माझ्या कानाशी लागली. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. समोरच दुकान आहे माझं. मान खाली घालून बसलेली असायची, चेहरा काही दिसला नाही. आपल्याच वयाची. येते ना ती बाई?"

"येते."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? आणि तीच सगळं करते."

"सगळं नाही," मी म्हणाले. "एकवीस. अठरा हिचे. लेप, रंग, भाजणी, तेही सगळं हिचंच."

"एकवीस आणि अठरा एकोणचाळीस."

"शाळेत हुशार होतीस वाटतं."

"मग चाळिसावा कुणाचा?"

मी तो कोनाड्यातून काढून तिच्या हातात दिला. तिनं आत बोट फिरवलं. एकदा फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. भुवया वर गेल्या. "ही रेघ कुठे वळली?" ती म्हणाली. "मला सापडतच नाहीये." ती तिथेच उभी राहिली, बोट आत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा गप्प.

तेवढ्यात मातीवाली गर्दीतून वाट काढत आली. गाल लाल, केसांत कुणीतरी दिलेलं फूल. कामाच्या खोलीला तिनं सकाळीच कुलूप लावलं होतं, दोन्ही किल्ल्या तिच्याच पर्समध्ये होत्या, आणि मी सकाळपासून इथे तिच्याबरोबर होते, एक डुलकीही न काढता.

"काकू," जाता जाता ती म्हणाली, रोज विचारते तशी, "चाक बंद केलंत ना?"

"आत्ताच केलं," मी म्हणाले.

ती पुढे गेली. दोन पावलं. मग थांबून तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी तिच्याकडे. बटण खाली दाबल्याचं मला स्पष्ट आठवत होतं. फळीवर काहीतरी झाकून ठेवल्याचंही.

मातीवालीच्या तोंडावर हसू फुटायला लागलं. "किती?" तिनं लांबूनच ओठांनी विचारलं.

मी दोन बोटं वर केली.